कोणता संच केव्हा चालवायचा? वीजनिर्मितीच्या वेळापत्रकामागचा इतिहास

वीज मोठ्या प्रमाणावर साठवून ठेवणे अवघड असल्यामुळे मागणी आणि निर्मिती यांचा मेळ क्षणोक्षणी घालावा लागतो, आणि तोही शक्य तितक्या कमी खर्चात. यामागचे मूळ तत्त्व १९३०च्या दशकातच मांडले गेले होते: चालू असलेल्या सर्व संचांमध्ये (म्हणजे वीज निर्माण करणाऱ्या यंत्रांमध्ये) विजेच्या पुढच्या युनिटसाठी येणारा वाढीव खर्च सारखा झाला, की एकूण खर्च किमान होतो. अडचण होती ती आकडेमोडीची. वाहिन्यांमधून वीज नेमकी कशी वाहील हे हाताने काढणे जवळपास अशक्य होते. म्हणून १९२९मध्ये अमेरिकेतील एमआयटीत रोध, वेटोळी आणि धारित्रे जोडून विद्युत जाळ्याची एक छोटी प्रतिकृतीच उभारण्यात आली. सिम्युलेशन सॉफ्टवेअरचा हा पूर्वज अक्षरशः तारांचा होता. १९५६मध्ये वॉर्ड आणि हेल या अभियंत्यांनी हेच गणित संगणकावर सोडवण्याची रीत प्रसिद्ध केली, तर १९६७मध्ये टिनी आणि हार्ट यांनी न्यूटनची पद्धत वापरून ती मोठ्या जाळ्यांसाठीही व्यवहार्य केली.

कोणते संच सुरू ठेवायचे, हा प्रश्न त्याहून किचकट आहे. थंड पडलेला औष्णिक संच सुरू व्हायला कित्येक तास लागतात. अवघे ४० संच घेतले, तरी एकाच वेळेसाठी कोणते चालू आणि कोणते बंद याच्या शक्यता एक लाख कोटींहून अधिक होतात. त्यामुळे सगळ्या शक्यता तपासण्याऐवजी गणिती युक्त्यांनी उत्तराच्या जवळ पोहोचावे लागते.

भारतात मात्र खरा अडथळा गणिताचा नव्हताच. टंचाईच्या काळात जो संच चालू शकतो तो चालवायचा आणि उरलेली तूट भारनियमनाने भागवायची, अशा परिस्थितीत काटकसरीचे वेळापत्रक करायचे कशाचे? जुलै २००२मध्ये देशाच्या वीजजाळ्याच्या पश्चिम विभागात उपलब्धतेवर आधारित दरपद्धती लागू झाली आणि दिवसाच्या पंधरा-पंधरा मिनिटांच्या ९६ खंडांतील वेळापत्रक मोडण्याला किंमत आली. तरीही केंद्रीय प्रकल्पांतील आपापल्या वाट्याची मागणी प्रत्येक राज्य स्वतंत्रपणे नोंदवत असे, त्यामुळे एकीकडे स्वस्त संच अर्धवट चालत असताना दुसरीकडे महागडा संच जोरात चालण्याची शक्यता राहत असे. एप्रिल २०१९पासून देशाच्या वीजजाळ्याचे संचालन करणाऱ्या राष्ट्रीय भार प्रेषण केंद्राने प्रायोगिक तत्त्वावर, राज्यांची वेळापत्रके न बदलता, आंतरराज्यीय औष्णिक प्रकल्पांतील निर्मितीची सॉफ्टवेअरच्या साहाय्याने फेरवाटणी सुरू केली. १९३०च्या दशकातले तत्त्व देशपातळीवर वापरात यायला इतकी वर्षे लागली.

महाराष्ट्रात कोयना जलविद्युत प्रकल्पाचे उदाहरण वेगळे आहे. १,९६० मेगावॅटच्या या प्रकल्पाला कोळसा लागत नाही, पण पश्चिमेकडे वळवण्याच्या पाण्यावर कृष्णा पाणी तंटा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातली आहे. पाणी फुकटचे असले तरी आज वापरलेला थेंब मे महिन्यातल्या संध्याकाळी मिळत नाही, म्हणून त्याची किंमत तेव्हा वाचू शकणाऱ्या महागड्या विजेवरून ठरवावी लागते.