दहा हजारांच्या मॉनिटरमागची पन्नास वर्षं

‘२४ इंच, फुल एचडी, आयपीएस, १८० हर्ट्झ, १ एमएस, फ्रीसिंक.’ दहा-बारा हजारांच्या मॉनिटरच्या खोक्यावर आज हे सगळं एका ओळीत छापलेलं असतं. दिवसभर एक्सेल आणि मीटिंगा, रात्री तासभर गेम, अशा माणसाला हा एकच मॉनिटर पुरतो. दहा-बारा वर्षांपूर्वी तो पुरला नसता. तेव्हा कामाचा मॉनिटर वेगळा आणि खेळाचा वेगळा, आणि दोन्ही गुण एकत्र हवे असतील तर तिप्पट-चौपट किंमत मोजावी लागे. खोक्यावरचा एकेक शब्द वेगळ्या वर्षी, वेगळ्या कारणानं तिथे आला आहे. त्यातली काही कारणं तुमच्या-माझ्या सोयीची होती, काही फक्त कारखान्याच्या. कोणता शब्द कुठून आला हे माहीत असेल, तर पैसे कशाला द्यायचे आणि कशाला नाही, हे ठरवणं खूपच सोपं जातं.

सुरुवात काचेच्या जाड नळीच्या मॉनिटरपासून करायला हवी, कारण ‘हर्ट्झ’ हा शब्द तिथूनच घराघरांत आला. सीआरटीमध्ये इलेक्ट्रॉनचा झोत पडद्यावर ओळीओळीनं फिरायचा. झोत पुढे गेला की मागचा ठिपका लगेच मावळायचा. सेकंदाला ६० वेळा चित्र उमटलं तर डोळ्यांना फडफड जाणवायची, म्हणून जाणकार माणूस सेटिंगमध्ये जाऊन ७५ किंवा ८५ हर्ट्झ करून ठेवायचा. डोकं दुखू नये एवढाच त्यामागचा हेतू. पण ठिपका लगेच विझत असल्यामुळे हलतं चित्र सीआरटीवर विलक्षण स्वच्छ दिसे. २००० नंतर सायबर कॅफेत १७ इंची डब्ब्यांवर काउंटर-स्ट्राइक खेळलेली पिढी आजही त्या चित्राची आठवण काढते, आणि त्यात भाबडेपणा काही नाही. त्या बाबतीत सीआरटी खरोखरच सरस होता.

त्याची जागा घेणाऱ्या एलसीडीचा जन्म मात्र मनगटी घड्याळं आणि कॅल्क्युलेटरच्या दुनियेतला. अमेरिकेत आरसीए कंपनीच्या जॉर्ज हाइलमायर यांनी १९६८ मध्ये द्रव स्फटिकांचा पडदा जगाला दाखवला, पण कंपनीनं तो धंदा म्हणून नेटानं पुढे नेला नाही. तिथलेच वोल्फगांग हेल्फरिश स्वित्झर्लंडला बाझेलमध्ये गेले आणि मार्टिन शाट यांच्यासोबत १९७० च्या डिसेंबरमध्ये त्यांनी ‘ट्विस्टेड नेमॅटिक’ रचनेचं पेटंट नोंदवलं. तेही हॉफमन-ला रोश या औषध कंपनीत! दोन काचांमध्ये रेणूंची पीळ दिलेली रांग, वीज दिली की पीळ सुटतो आणि प्रकाश अडतो. खोक्यावर ‘टीएन’ लिहिलेलं असतं ते हेच. बनवायला स्वस्त आणि पुढे वेगवानही झालेलं, पण समोरून जरा बाजूला सरकलं की रंग पालटणारं.

या बाजूनं दिसण्याच्या दुखण्यावरच्या एका उपायाचं मूळ आपल्याकडे आहे, आणि ते फारसं कुणाला माहीत नसतं. नागपूर विद्यापीठातून भौतिकशास्त्रात एमएस्सी केलेले शिवरामकृष्ण चंद्रशेखर बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत द्रव स्फटिकांवर काम करत होते. १९७७ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की काडीसारख्या लांबट रेणूंप्रमाणेच चकतीसारख्या चपट्या रेणूंचेही द्रव स्फटिक बनतात. तोवर असं काही असेल याची जगाला कल्पना नव्हती. १९९० च्या दशकात जपानच्या फुजीफिल्मनं अशाच चकतीदार रेणूंचा पातळ थर देऊन एक फिल्म बनवली. ती टीएन पॅनलवर चिकटवली की चित्र जास्त कोनांतून नीट दिसू लागलं. कचेऱ्यांमधल्या असंख्य स्वस्त टीएन मॉनिटरांमध्ये अशी फिल्म होती. बंगळूरच्या प्रयोगशाळेतलं निखळ कुतूहल जगभरच्या टेबलांवर पोहोचलं, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

त्याच दशकात जपानमध्ये दुखण्याच्या मुळावरच घाव घालणारे दोन उपाय निघाले. हिताचीनं आयपीएस आणलं. यात रेणू उभे-आडवे न होता पडद्याच्या पातळीतच वळतात, त्यामुळे कुठूनही पाहा, रंग तेच. फुजीत्सूनं व्हीए आणलं. त्याचा काळा रंग खरोखर काळा. साध्या आयपीएसचं कॉन्ट्रास्ट साधारण १००० ला १, तर व्हीएचं ३००० ला १ किंवा त्याहून जास्त. पण दोन्ही महाग आणि दोन्ही संथ. म्हणून छपाईवाले, छायाचित्रकार आयपीएस घेत, गेमवाले टीएन घेत, आणि कचेरीत जे स्वस्त मिळेल ते येई.

ते स्वस्तही पुरेसं स्वस्त नव्हतं, याला एक काळंबेरं कारण आहे. २००१ ते २००६ या काळात कोरिया आणि तैवानमधल्या सहा मोठ्या पॅनल कंपन्यांचे अधिकारी तैवानच्या हॉटेलांमध्ये नियमित भेटून पॅनलचे भाव संगनमतानं ठरवत होते. त्यातल्या सॅमसंगनं स्वतःच माहिती दिल्यामुळे तिला दंड माफ झाला. उरलेल्या पाच कंपन्यांना युरोपियन आयोगानं डिसेंबर २०१० मध्ये मिळून सुमारे ६५ कोटी युरोंचा दंड ठोठावला. अमेरिकेत एयू ऑप्ट्रॉनिक्सला २०१२ मध्ये ५० कोटी डॉलरचा दंड झाला. सीआरटी जाऊन घरोघरी एलसीडी येण्याचा नेमका हाच काळ. त्या वर्षांत ज्यांनी पदरमोड करून पहिला चपटा मॉनिटर घेतला, त्यांच्या पैशांतला काही वाटा या खोलीबंद बैठकांनी खाल्ला.

पडद्याचा आकारही आपल्याला विचारून बदललेला नाही. आधी ४:३, मग थोडे दिवस १६:१०, आणि २००८ नंतर पाहता पाहता सगळं १६:९. कारण टीव्ही. लाटलेल्या पोळीतून शंकरपाळ्या कापाव्यात तसे एका मोठ्या काचेतून अनेक पॅनल कापले जातात, आणि टीव्हीच्या प्रमाणात कापले तर काच कमी वाया जाते. लिहिणाऱ्या-वाचणाऱ्याला उंची हवी असते, त्याची उंची गेली. आपल्याकडे त्या काळात १८.५ इंची, १३६६ बाय ७६८ चे मॉनिटर बँकांपासून झेरॉक्सच्या दुकानांपर्यंत पसरले. फाइल उघडली की निम्मी उंची मेन्यूच खायचे. मात्र याच बदलामुळे १९२० बाय १०८० हा टीव्हीचा आकडा मॉनिटरलाही लागू झाला, आणि टीव्हीच्या प्रचंड उत्पादनाच्या जोरावर फुल एचडी पॅनल स्वस्त झाले. इथे नुकसान आणि फायदा एकाच निर्णयातून आले.

आता हर्ट्झ. एलसीडीत ठिपका विझत नाही, पुढचं चित्र येईपर्यंत तसाच जळत राहतो. फडफड नाही, म्हणून ६० हर्ट्झ पुरेसे आहेत असं सगळ्यांनी धरून चालवलं. पण ठिपका थांबून राहतो म्हणूनच डोळ्याला हलतं चित्र पुसट दिसतं. २००९ मध्ये ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियानं चष्मा लावून थ्रीडी गेम खेळण्याची टूम काढली. डाव्या-उजव्या डोळ्याला आळीपाळीनं ६०-६० चित्रं दाखवायची तर पडदा १२० हर्ट्झचा हवा, म्हणून सॅमसंग आणि व्ह्यूसॉनिकनं २२ इंची १२० हर्ट्झचे मॉनिटर आणले. थ्रीडीचं खूळ काही वर्षांत ओसरलं. पण लोकांनी चष्मा काढून साधा गेम त्या पडद्यावर खेळून पाहिला आणि त्यांना तो विरघळून जाणारा पुसटपणा कमी झालेला दिसला. ६० हर्ट्झवर एक चित्र १६.७ मिलिसेकंद थांबतं, १४४ वर साधारण ७. हा फरक नुसता माउसचा बाण गोल फिरवला तरी कळतो, आणि लांबलचक पीडीएफ सरकवताना अक्षरं वाचता येतात. म्हणजे जास्त हर्ट्झ कामाच्या माणसालाही उपयोगी. १०० च्या पुढे मात्र फायदा कमी कमी होत जातो. १४४ आणि १८० मध्ये ७ विरुद्ध ५.६ मिलिसेकंद एवढंच अंतर आहे. त्यासाठी जादा हजार रुपये देऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

‘१ एमएस’ची, म्हणजे ठिपका एका मिलिसेकंदात रंग बदलतो या दाव्याची, गोष्ट इतकी सरळ नाही. पूर्वी काळ्यातून पांढरं आणि परत काळं व्हायला लागणारा वेळ मोजत. नंतर कंपन्या एका करड्या छटेतून दुसऱ्या छटेत जायचा वेळ छापू लागल्या, तोही ठिपक्याला विजेच्या जास्त दाबानं ढकलून मिळवलेला. जास्त ढकललं की हलत्या वस्तूमागे उजळ सावली दिसते. शिवाय ‘एमपीआरटी’ लिहिलेला १ एमएस ही आणखी निराळी मोजणी, ती बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचा दिवा, मिटवून-उघडून साधतात. त्यामुळे दोन खोक्यांवरचे हे आकडे एकमेकांशी ताडून उपयोग नाही. कुणीतरी स्वतंत्रपणे मोजून पाहिलेलं असेल तरच विश्वास ठेवावा.

फ्रीसिंकमागे एक भांडण आहे. ग्राफिक्स कार्ड सेकंदाला कधी ५० चित्रं देतं, कधी ९०, पडद्याची चाल मात्र ठरलेली. ताळमेळ चुकला की चित्र मधोमध फाटल्यासारखं दिसतं. ऑक्टोबर २०१३ मध्ये एनव्हिडियानं जी-सिंक जाहीर केलं, म्हणजे कार्डाच्या चालीनुसार पडद्याची चाल बदलण्याची सोय. त्यासाठी मॉनिटरमध्ये त्यांचं स्वतःचं महागडं सर्किट बसवावं लागे. २०१४ मध्ये व्हेसा या मानक ठरवणाऱ्या संस्थेनं हीच सोय डिस्प्लेपोर्ट या मॉनिटरच्या जोडणीच्या खुल्या मानकात घेतली आणि २०१५ मध्ये एनव्हिडियाची स्पर्धक असलेल्या एएमडीच्या फ्रीसिंकचे मॉनिटर आले. वेगळं सर्किट नको, वेगळे पैसे नकोत. पण एनव्हिडियाची कार्डं ती चालवत नव्हती, आणि कार्डं तर बहुतेकांकडे एनव्हिडियाचीच. जानेवारी २०१९ मध्ये एनव्हिडियानं दार उघडलं. त्यांनी ४०० मॉनिटर तपासून त्यातले १२ सुरुवातीला ‘जी-सिंक कम्पॅटिबल’ ठरवले. बाकीच्यांवरही ही सोय हातानं चालू करता येत होती. त्या दिवसापासून स्वस्त मॉनिटरवाल्याला कार्डाचा पक्ष निवडावा लागला नाही.

त्याच वर्षी एलजीनं २७ इंची आयपीएस मॉनिटर १४४ हर्ट्झ आणि टीएनच्या तोडीचा वेग घेऊन आणला. वेगवान आयपीएस त्याआधी २०१५ पासून होते, पण महाग. २०१९ नंतर रंग हवे की वेग, हा जुना प्रश्न सुटत गेला, आणि दोन-तीन वर्षांत हेच पॅनल खालच्या किमतीत उतरले.

ते उतरले चीनमुळे. बीओई या पेइचिंगच्या कंपनीनं २००३ मध्ये कोरियाच्या ह्युंदाईचा एलसीडी धंदा विकत घेऊन तंत्र शिकून घेतलं, पुढे हफेईसारख्या शहरांच्या सरकारांनी स्वतः पैसे घालून कारखाने उभारून दिले. हफेईच्या एका कारखान्यात २९४० बाय ३३७० मिलिमीटरच्या काचा चालतात. सगळ्यात मोठ्या काचा टीव्हीच्या वाट्याला गेल्या, आणि थोड्या लहान काचांच्या कारखान्यांना मॉनिटरचं काम मिळालं. भाव इतके पडले की सॅमसंगनं २०२२ मध्ये एलसीडी पॅनल बनवणं थांबवलं, आणि शार्पचा साकाईचा प्रसिद्ध टीव्ही पॅनल कारखाना २०२४ मध्ये बंद झाला. दुकानात दहा ब्रँड दिसतात, पण आतली काच मोजक्याच कंपन्यांची असते. म्हणून ब्रँडपेक्षा पॅनलचा प्रकार आणि आपल्या गावातली वॉरंटी सेवा पाहावी.

आपल्याकडे किमतीत कराचाही हात होता. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा लहान मॉनिटरला १८ टक्के आणि मोठ्याला २८ टक्के. म्हणजे २४ इंची मॉनिटर चैनीच्या रांगेत! १ जानेवारी २०१९ पासून ३२ इंचांपर्यंत १८ टक्के झाले. मग २०२० चा लॉकडाऊन. लॅपटॉपवर वाकून मान धरलेल्या लोकांनी पुण्याच्या तपकीर गल्लीपासून ऑनलाइन दुकानांपर्यंत सगळीकडे मॉनिटर शोधले, जगभर तेच चाललं होतं आणि पॅनलचे भाव वर्षभर चढत राहिले. २०२१ च्या मध्यानंतर ते कोसळले. आजची दहा हजारांची किंमत त्या उतारावर तयार झाली.

मराठीत काम करणाऱ्यानं एक गोष्ट जवळून पाहावी. २४ इंचांवर फुल एचडी म्हणजे इंचाला ९२ ठिपके, २७ इंचांवर तेच ८२. इंग्रजी अक्षर ८२ वर निभावतं. देवनागरीत ‘र्‍य’, ‘ट्ट’, ‘श्र’ अशी जोडाक्षरं बारीक टायपात चिकटून जातात, आणि वेलांटीवरचा अनुस्वार दोन-तीन ठिपक्यांचा पुसट डाग होतो. मुद्रितशोधन करणाऱ्याचे डोळे तासाभरात थकतात. २७ इंच हवा असेल तर २५६० बाय १४४०, म्हणजे इंचाला १०९ ठिपके, तेवढ्यासाठी जास्तीचे पैसे जरूर द्यावेत. स्वस्त वक्र मॉनिटर बहुधा व्हीए असतात. अंधाऱ्या खोलीत सिनेमाला उत्तम, पण काळ्या पार्श्वभूमीवरचा मजकूर सरकवला की अक्षरांमागे काळसर ओघळ राहतो. दिवसभर कोड वाचणाऱ्यानं हे दुकानात करून पाहावं. ‘एचडीआर’, म्हणजे लख्ख उजेड आणि गडद काळोख एकाच चित्रात दाखवणं, या शब्दाला या किमतीत काहीच अर्थ नाही, त्यासाठी लागणारा उजेड आणि भागाभागानं मंदावणारा बॅकलाइट दहा हजारांत बसत नाही.

आणि घरी आणल्यावर केबल पाहावी. जुन्या एचडीएमआय १.४ वर फुल एचडीला साधारण १२० हर्ट्झपर्यंतच मजल जाते, म्हणून कॉम्प्युटरला डिस्प्लेपोर्ट असेल तर तोच वापरावा. विंडोज अनेकदा नवा मॉनिटरही ६० हर्ट्झवरच चालू करतं. डिस्प्ले सेटिंगमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले उघडून तो आकडा हातानं बदलावा लागतो.