फिजिओथेरपीला प्रवेश हवाय? आधी आजोबांचा शाळेचा दाखला शोधा

नीटचा निकाल लागला की आमच्या क्लिनिकमध्ये गुडघेदुखीच्या पेशंटांबरोबर बारावीच्या मुलांचे आईवडीलही यायला लागतात. मागच्या वर्षी एक मावशी आल्या. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये मुलीची सगळी कागदपत्रं ओळीने लावलेली. मी विचारलं, "व्हॅलिडिटी?" त्या म्हणाल्या, "हा काय जातीचा दाखला, प्रांतसाहेबांच्या सहीचा." घोडं तिथेच पेंड खात होतं. जातीचा दाखला वेगळा आणि तो पडताळून समितीने दिलेलं जात वैधता प्रमाणपत्र, म्हणजेच व्हॅलिडिटी, वेगळं. मुलीला शेवटी खुल्या गटातून जावं लागलं.

म्हणून हा लेख मार्कांबद्दल कमी आणि कागदांबद्दल जास्त आहे.

महाराष्ट्रात बीपीटीएचचे, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीचे, प्रवेश नीट-यूजीच्या गुणांवर होतात. नीट देऊन भागत नाही. निकालानंतर राज्याच्या सीईटी सेलकडे, म्हणजे प्रवेश प्रक्रिया चालवणाऱ्या सरकारी कक्षाकडे, वेगळी नोंदणी करावी लागते. दर वर्षी काही मुलं इथेच गळतात, कारण 'नीटचा फॉर्म भरलाय की' असं त्यांना वाटत असतं. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवं. पीसीबीत खुल्या गटाला ५० टक्के, राखीव गटाला ४० टक्के. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षं पूर्ण. राज्य कोट्यासाठी डोमिसाइल तर लागतंच, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली हवी. बदलीच्या नोकरीतल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या मुलांना यात काही सवलती आहेत. त्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत वाचा, व्हॉट्सअॅपवर नको.

आता मुख्य दुखणं. एससी, एसटी, व्हीजेएनटी (विमुक्त जाती, भटक्या जमाती), ओबीसी, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) यांपैकी कशातूनही जागा हवी असेल तर वैधता प्रमाणपत्र लागतं. त्याचा अर्ज अकरावीतच करा. कॉलेजच्या सही-शिक्क्यानिशी तो जिल्ह्याच्या जात पडताळणी समितीकडे जातो; एसटीसाठी समिती वेगळी. समिती मागते ते जुने पुरावे: वडील, आजोबा, चुलत आजोबा, ज्यांच्या शाळेच्या नोंदीत जात लिहिलेली आहे ते. पुरावा किती जुना, याच्या तारखा ठरलेल्या आहेत. एससीसाठी १० ऑगस्ट १९५०, एसटीसाठी ६ सप्टेंबर १९५०, व्हीजेएनटीसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा असेल तर काम सोपं होतं. म्हणजे गावच्या झेडपी शाळेत जाऊन जनरल रजिस्टरचा उतारा काढणं आलं. ते रजिस्टर कपाटात सापडेपर्यंत दोन-तीन हेलपाटे धरूनच चाला. घरात सख्ख्या भावाची किंवा वडिलांची व्हॅलिडिटी झालेली असेल तर मात्र निम्मी लढाई जिंकलात. अर्जाच्या पावतीवर प्रवेश द्यायची सवलत कधी मिळते, कधी नाही. त्या भरवशावर बसू नका.

नॉन-क्रीमी लेयरच्या दाखल्याची, म्हणजे कुटुंब उन्नत गटात मोडत नाही या दाखल्याची, मुदत ३१ मार्चला संपते, हे दर वर्षी कुणीतरी विसरतंच. जूनमध्ये लागणार तो नवा काढलेलाच. एससी, एसटीला तो लागत नाही. ईडब्ल्यूएसचा (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा) दाखला राज्याच्या नमुन्यातला हवा. केंद्राचा चालवून घेतील ही आशा सोडा.

उरलेलं सोपं आहे: नीटचं प्रवेशपत्र आणि स्कोअरकार्ड, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, राष्ट्रीयत्वाचा पुरावा, ठरलेल्या नमुन्यातलं मेडिकल फिटनेस, आधार. मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. सगळीकडे नाव एकसारखं आहे ना, ते बघा. दहावीला 'ज्ञानेश्वर' आणि आधारवर 'दन्यानेश्वर' असेल तर आत्ताच दुरुस्त करा.

पसंतीक्रम भरताना मुंबईतली केईएम, नायर, सायन आणि नागपूरचं मेडिकल ही नावं वर असू द्या. फी कमी, पेशंट भरपूर, आणि हात पेशंटवरच बसतो. सोबत ऑक्युपेशनल थेरपीचा, म्हणजे आजारानंतर रोजची कामं पुन्हा करायला शिकवणाऱ्या उपचाराचाही विचार करा. आशियातली तिची पहिली शाळा कमला निंबकरांनी १९५० साली केईएममध्येच सुरू केली, तरी आपल्याकडे अजून तो पर्याय 'काहीच नाही मिळालं तर' म्हणून भरतात. मला ते पटत नाही. पक्षाघातानंतर शर्टाची बटणं पुन्हा लावायला शिकवणारा माणूस लागतोच ना घरात!

मुलींसाठी एक मोठी गोष्ट: जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटातल्या, ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींचं शिक्षण व परीक्षा शुल्क शासन भरतं. अट अशी की प्रवेश कॅप राउंडमधूनच (सरकारच्या केंद्रीय प्रवेशफेरीतूनच) झालेला हवा, आणि अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर. संस्थेच्या कोट्यातून गेलात की हे पैसे विसरा.

जुना अभ्यासक्रम चार वर्षं अधिक सहा महिने इंटर्नशिप असा होता. फिजिओथेरपीसारख्या आरोग्य व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोगाच्या २०२५ च्या आराखड्यात तो वर्षभराच्या इंटर्नशिपसह पाच वर्षांचा झालाय. "मालिश शिकायला पाच वर्षं?" असं विचारणारा एक तरी काका प्रत्येक घरात असतो. त्याला सांगा, पहिल्या वर्षी शरीररचनेच्या हॉलमध्ये प्रेतावरचे स्नायू ओळखावे लागतात, आणि बायपासनंतरच्या पेशंटला पहिल्यांदा पलंगावरून उठवून चालवायचं कामही आम्हीच करतो.

इंटर्नशिप संपली की फिजिओथेरपिस्टांच्या राज्य परिषदेकडे नोंदणी करायची, प्रॅक्टिस त्यानंतर. तिथे पुन्हा दहावीची गुणपत्रिका लागते, तेव्हा तो फोल्डर माळ्यावर टाकू नका.