कॅसेट-कव्हरची चित्रशैली, ग्रामीण विदर्भातील

ध्वनिफितीच्या डबीत घडी घालून बसवलेल्या छापील कार्डावरील चित्र, अक्षरे व रंग यांची मांडणी. व्यवहारात या कार्डाला ‘कव्हर’ किंवा ‘इनले’ म्हणतात. फिलिप्सने १९६३ मध्ये आणलेली कॅसेट भारतात १९८० च्या दशकात स्वस्त झाली आणि खंजिरी भजने, भीमगीते, गजानन महाराजांची पदे तिच्यावरून खेडोपाडी पोचली.

चित्रित आवरणाची परंपरा याहून जुनी आहे. पूर्वी ग्रामोफोनच्या अनेक तबकड्यांचा संच पुस्तकासारख्या बांधलेल्या पाकिटांत विकत, त्यावरून ‘आल्बम’ हा शब्द आला. ओडियन कंपनीचा चार तबकड्यांचा ‘नटक्रॅकर’ संच (१९०९) हे त्याचे एक आरंभीचे उदाहरण. सचित्र आवरणाचे जनकत्व सामान्यतः कोलंबिया कंपनीचे ॲलेक्स स्टाइनवाइस (१९१७–२०११) यांना दिले जाते; साल मात्र १९३८, १९३९ व १९४० असे तिन्ही आढळते. त्यांची नेमणूक आणि पहिले आवरण बाजारात येणे या दोन घटना एकच धरल्याने हा घोळ झालेला दिसतो. आवरणापुरते १९३९-४० धरणे अधिक सयुक्तिक होय. तुरळक सचित्र आवरणे त्याआधीही निघत, तेव्हा स्टाइनवाइस यांना ही पद्धत रूढ करणारे म्हणावे.

बारा इंची तबकडीच्या पाकिटाच्या मानाने कॅसेटचा दर्शनी भाग (सुमारे १०.२ × ६.५ सेंमी.) जेमतेम पंधरावा हिस्सा भरतो. देवनागरीला ही अडचण अधिक जाचते. वेलांटी, रफार शिरोरेषेच्या वर आणि उकार खाली जात असल्याने दोन ओळींत बरेच अंतर सोडावे लागते. अक्षर लहान केले तर छपाईत मात्रा बुजतात. म्हणून नाव जाड, तिरपे, पांढऱ्या किंवा पिवळ्या किनारीचे काढून एका कोपऱ्यातून वर चढवीत. चार रंगांचे ठसे नीट जुळले नाहीत, तर किनारीबाहेर तांबडी सावली उमटे. छापील कव्हरवरूनच पुन्हा कव्हर छापले, की चेहऱ्यावरचे छपाईचे ठिपके एकमेकांत मिसळून गाल काळवंडत. अस्सल-नक्कल ओळखताना ही खूण उपयोगी पडते.

भीमगीतांच्या कव्हरवर निळा रंग, धम्मचक्र व बाबासाहेबांचे छायाचित्र प्रमुख असते. अशा कव्हरांचा काळ ठरवण्यास दीक्षाभूमीचा स्तूप काहीसा आधार देतो. त्याचे लोकार्पण २००१ मध्ये झाले. परंतु बांधकाम बरीच वर्षे चालले होते आणि सांचीच्या स्तूपाचे चित्रही प्रचलित होते, त्यामुळे नुसता घुमट हा पुरेसा पुरावा नव्हे. धम्मचक्र प्रवर्तन दिनी नागपुरास येणारी खेड्यांतली माणसे तेथील दुकानांतून कॅसेटी घेऊन जात. मांडलेल्या शेकडो डब्यांतून अक्षरओळख नसलेल्या आजीलाही हवी ती कॅसेट रंगावरून आणि चेहऱ्यावरून उचलता येई. या शैलीचे खरे कसब यातच आहे; तिला सिनेमाच्या कव्हरांची भ्रष्ट नक्कल म्हणणे अन्यायाचे ठरेल.

तुकडोजी महाराजांच्या (१९०९–६८) भजनांच्या कव्हरवर खंजिरी, तर गजानन महाराजांच्या पदांवर चिलीम हाती घेतलेली बैठी मूर्ती येते. पूर्व विदर्भातील झाडीपट्टीत वडसा (देसाईगंज) येथील नाटकांच्या पोस्टरांशी या मांडणीचे जवळचे नाते आहे : कलावंतांचे कापून चिकटवलेले चेहरे, मध्यभागी नायिका, खाली भडक पट्टी. चित्रकाराचे नाव कव्हरवर सहसा नसते.

संगणकावरील अक्षरजुळणी आल्यावर हाताने काढलेली अक्षरे मागे पडली. चेहऱ्यांची ती रांग आणि किनारीची पिवळी अक्षरे आता मोबाइलवरील गाण्यांच्या चित्रांत दिसतात.