ए. एम. हर्क्युलिस: चुंबकी श्वेत बटूच्या निरीक्षणाची पार्श्वभूमी

शौरी तारकासमूहातील ए. एम. हर्क्युलिस हा तारा माक्स वोल्फ यांनी १९२३ मध्ये हायडेलबर्ग येथे शोधला आणि पुढे अर्धे शतक तो रूपविकारी, म्हणजे तेज कमीजास्त होणाऱ्या, ताऱ्यांच्या यादीत जवळजवळ दुर्लक्षितच राहिला. त्याच्याकडे लक्ष वळले ते क्ष-किरणांमुळे. क्ष-किरण टिपणाऱ्या उहुरू उपग्रहाने त्या दिशेला नोंदवलेला क्ष-किरण स्रोत म्हणजे हाच तारा असावा, असे बर्ग व डथी या खगोलशास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये सुचवले. त्याच वर्षी खगोलशास्त्रज्ञ सांतियागो तापिया यांनी त्याचा प्रकाश तपासला, तेव्हा तो ठळकपणे वर्तुळाकार ध्रुवित, म्हणजे लहरींची कंपनदिशा गोल फिरत राहणारा, निघाला.

असे ध्रुवण नुसत्या तापलेल्या वायूतून येत नाही. त्यासाठी प्रबळ चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेणारे इलेक्ट्रॉन लागतात. हा एक तारा नसून जोडी आहे: येथे श्वेत बटू (विझत चाललेल्या ताऱ्याचा लहान, घट्ट गाभा) आणि तांबडा बटू (लहान, थंड तारा) सुमारे ३ तास ६ मिनिटांत एकमेकांभोवती फिरतात. तांबड्याकडून ओढला गेलेला वायू एरवी तबकडी करून फिरत राहिला असता, परंतु येथे तो चुंबकीय रेषांच्या वाटेने थेट ध्रुवाजवळ आदळतो आणि त्या धक्क्याने तापून क्ष-किरण सोडतो.

तापियांचा श्वेत बटूच्या चुंबकीय क्षेत्राचा पहिला अंदाज वीस कोटी गॉसचा (गॉस हे अशा क्षेत्राचे एकक) होता. तो फारच मोठा ठरला, आणि ही दुरुस्ती झाली ती तारा मंदावल्यामुळे! १९८० च्या सुमारास वायूचा ओघ आटला, श्वेत बटूचा पृष्ठभाग उघडा पडला आणि वर्णपटात हायड्रोजनच्या रेषा चुंबकीय क्षेत्रामुळे फुटलेल्या दिसल्या. त्यांवरून क्षेत्र दीड कोटी गॉसच्या आसपास निघाले. पृथ्वीचे क्षेत्र अर्ध्या गॉसच्या घरातले आहे.

साताऱ्याहून हा तारा उत्तरेला सुमारे ५८ अंशांपर्यंत चढतो, मात्र मध्यरात्री तेथे पोहोचतो तो जूनअखेरीस, म्हणजे यवतेश्वर आणि कास ऐन पावसात असताना. त्यामुळे येथील निरीक्षकाची सारी भिस्त मेच्या उत्तररात्रींवर असते. ऑक्टोबरच्या संध्याकाळी जोडीची तीन तासांची पूर्ण फेरी एका बैठकीत जेमतेमच मावते. तेजस्वी असताना तेराव्या प्रतीच्या (प्रत म्हणजे तेजाचे माप; आकडा मोठा तितका तारा मंद) आसपास असलेला हा तारा आठ इंची दुर्बीण आणि सीसीडी कॅमेऱ्याच्या आवाक्यात येतो, मंदावला की पंधराव्या प्रतीपर्यंत उतरतो. या चढउतारांना ठरावीक काळ नाही; तांबड्या ताऱ्यावरचे डाग वायूची वाट अडवत असावेत, असा एक कयास आहे. त्यामुळे हौशी निरीक्षकांच्या नोंदींत तारा न दिसलेल्या रात्रीही जमेस धरल्या जातात. त्या रात्री दिसलेल्या सर्वांत अंधुक ताऱ्याची प्रत लिहून ‘याहून मंद’ अशी खूण केली जाते.