नळीवरचा रंग आणि त्याच्या खालचं लोखंड

आमच्याकडे लष्करात, म्हणजे ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, खंडेनवमीला अजून शस्त्रं पुजतात. पाटावर एक तलवार, एक कट्यार, बाजूला वडिलांचे पाने-पक्कड आणि मध्ये काकांची बारा बोअरची दुनाळी बंदूक, आजोबांपासून घरात असलेली, लायसन्सवाली. दोन वर्षांपूर्वी पूजेसाठी ती कातडी कव्हरातून काढली तर नळीवर चार तांबूस डाग, आणि नीट बघितलं तर ते डाग नव्हतेच, बोटांचे ठसे होते. पावसाळ्याआधी कोणीतरी घामेजल्या हाताने धरून तशीच ठेवली असणार. काका दिवसभर गप्प होते, मला पण फार वाईट वाटलं.

माझा चुलतभाऊ अमेरिकेत असतो, तो फोनवर सहज म्हणाला अरे इकडे लोक घरीच स्प्रे मारतात, सिरॅमिक कोटिंग, ओव्हनमध्ये भाजायचं की झालं. तिथून मी या विषयाच्या मागे लागलो तो अजून सुटलेलो नाही.

आधी गंजाचं बघू, कारण सगळं तिथूनच सुरू होतं. लोखंडावर पाण्याचा अगदी न दिसणारा थर बसला तरी तिथे एक छोटी बॅटरीच तयार होते, एका जागी लोखंड इलेक्ट्रॉन सोडतं, शेजारच्या जागी हवेतला ऑक्सिजन ते घेतो, आणि दोघांच्या मधून जे तयार होतं तो गंज. घामात मीठ असतं, मिठाने पाण्यातून वीज सोपी वाहते, म्हणून बोट लागलं तिथेच ठसा उमटला. कातडी कव्हर तर अजून वाईट, कारण कातडं ओल धरून ठेवतं आणि कमावताना वापरलेले क्षार त्यात राहिलेले असतात. आणि गंजाची खोड अशी की तो मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो, वर सच्छिद्र असतो, त्यामुळे खालच्या लोखंडाला झाकत नाही, उलट फुगून पोपडा धरतो आणि खाली पाण्याला नवी वाट करून देतो.

गंमत म्हणजे जुन्या बंदुकांचा तो निळसर काळा रंग हा पण एक प्रकारचा गंजच आहे. लोखंडाचे ऑक्साइड वेगवेगळे असतात, लाल तो भुसभुशीत, आणि काळा, ज्याला मॅग्नेटाइट म्हणतात, तो घट्ट चिकटून बसणारा. जुनी पद्धत अशी की नळी मुद्दाम हलकी गंजवायची, मग उकळत्या पाण्यात टाकायची, लालाचा काळा होतो, मग बारीक तारेच्या ब्रशने घासायचं, परत गंजवायचं, परत उकळायचं, असं बऱ्याच वेळा. दुसरी पद्धत झटपट, कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटचं साधारण 140 अंशांचं उकळतं द्रावण. दोन्हीतून मिळणारा थर जेमतेम एक-दोन मायक्रॉनचा, केस साधारण 70 मायक्रॉनचा असतो म्हणजे विचार करा. एवढा थर एकटा काय वाचवणार, त्याचं खरं काम तेल धरून ठेवणं. तेल पुसलं गेलं की संपलं, आमच्याकडे नेमकं तेच झालं होतं.

मग आलं फॉस्फेट. 1906 मध्ये इंग्लंडमध्ये कॉस्लेट नावाच्या माणसाने फॉस्फोरिक ॲसिडने लोखंडावर राखाडी थर चढवायचं पेटंट घेतलं, पुढे अमेरिकेत पार्कर नावाच्या कंपनीने ते वाढवलं, म्हणून त्याला पार्करायझिंग म्हणतात, दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन रायफली बहुतेक अशाच राखाडी. हे वाचताना मला एकदम दिल्लीचा लोहस्तंभ आठवला, कारण आयआयटी कानपूरच्या बालसुब्रमण्यम सरांनी दाखवलंय की त्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे आणि पृष्ठभागावर लोह-फॉस्फेटचा पातळ थर तयार झाल्याने तो सुमारे 1600 वर्षं टिकून आहे. कुठे गुप्तकाळातला लोहार आणि कुठे विसाव्या शतकातला कारखाना, पण लोखंडाला वाचवणारा पदार्थ एकाच कुटुंबातला. मला हे फार भारी वाटतं, ज्याला भेटेल त्याला सांगतो.

आता स्प्रे. नावात सिरॅमिक असलं तरी हे काही चिनीमातीचं भांडं नाही, मुख्य माल म्हणजे पॉलिमर, प्लास्टिकच्या जातीचा पदार्थ, आणि त्यात सिरॅमिकचे अतिशय बारीक कण, काँक्रीटमध्ये खडी असते तसे, घासणं-ओरखडणं सहन करायला. सेराकोट हे यातलं अमेरिकेतलं सर्वात गाजलेलं नाव. त्याच्या भाजायच्या प्रकारात हार्डनर, म्हणजे थर कडक करणारं रसायन, मिसळून फवारायचं, आणि मग साधारण 120 अंशांवर दोन तास. थर होतो 25 मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे केसाच्या तिसऱ्या हिश्शाएवढा.

इथे वाळणं आणि पिकणं यातला फरक समजला की अर्धा विषय समजला. साध्या स्प्रे-रंगातला थिनर उडून जातो आणि रंग मागे राहतो, मीठाचं पाणी आटून मीठ राहावं तसा, परत थिनर लावला की परत विरघळतो. हार्डनरवालं कोटिंग मात्र विरजणासारखं, एकदा दही लागलं की त्याचं दूध होत नाही. रेणूंच्या लांब साखळ्या एकमेकींना आडव्या जोडल्या जातात आणि सगळा थर एक सलग जाळं होतो, म्हणून त्यावर पेट्रोल, तेल, बंदूक साफ करायची औषधं यांचा फारसा परिणाम होत नाही. न भाजता हवेवर पिकणारे प्रकार पण आहेत, पण ते हाताला कोरडे लागले तरी पूर्ण कडक व्हायला काही आठवडे घेतात, आणि लोक नेमके तिथेच घाई करतात.

पण माझं म्हणणं खरं तर वेगळं आहे. लोक डबा कोणता घेऊ विचारतात, आणि टिकणं न टिकणं बहुतेक डबा उघडायच्या आधीच ठरलेलं असतं. कारण कुठलंही कोटिंग पाणी शंभर टक्के अडवत नाही, वाफेच्या रूपात थोडं पाणी आरपार जातंच. मग गंज का नाही चढत? कारण कोटिंग लोखंडाला इतकं घट्ट चिकटलेलं असतं की त्या पाण्याला थेंब म्हणून जमायला खाली जागाच नसते. जिथे बोटाचं तेल राहिलं, जुन्या गंजाचा कण राहिला, तिथे कोटिंग चिकटत नाही, तिथे पाणी जमतं, आणि वरून तुकतुकीत दिसणाऱ्या रंगाखाली गंज आरामात पसरतो. म्हणून आधी तेल पूर्ण काढायचं, मग ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या बारीक दाण्यांनी सँडब्लास्टिंग करायचं, म्हणजे हवेच्या जोराने दाणे मारायचे, म्हणजे पृष्ठभाग डोंगर-दऱ्यांचा होतो आणि कोटिंगला पकड मिळते, आणि त्यानंतर उघड्या हाताने शिवायचं सुद्धा नाही. साफ झालंय का बघायची सोपी युक्ती म्हणजे पाणी ओतायचं, पाण्याचा सलग पडदा राहिला तर साफ, थेंब फुटून गोळे झाले तर अजून तेल आहे. ही युक्ती घरातल्या कुठल्याही लोखंडाला चालते, गॅलरीचं ग्रील रंगवताना पण करून बघा.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. यातल्या काही हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, दोन डब्यांच्या गाडीच्या रंगात पण असतं. त्याची वाफ आणि तुषार छातीत गेले तर दमा जडू शकतो, आणि एकदा शरीराने त्याचा धसका घेतला की पुढे अगदी थोड्या वाफेने पण अटॅक येऊ शकतो. नाकाला रुमाल किंवा धुळीचा मास्क याचा काही उपयोग नाही, कारखान्यात बाहेरून ताजी हवा पुरवणारा मुखवटा घालून काम करतात. बंद खोलीत, लहान मुलं घरात असताना, स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये हे करू नका, प्लीज.

आता काकांच्या दुनाळीचं काय केलं? घरी काहीच केलं नाही. 1959 च्या शस्त्र कायद्यात बंदुकीची दुरुस्ती करायला पण लायसन्स लागतं, आणि तिच्यावरचा नंबर मिटवणं हा गुन्हा आहे, म्हणजे नंबरावर जाड थर बसून तो बुजला तर नसती आफत. म्हणून लायसन्सवाल्या दुकानातल्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी नळी हातात घेऊन पहिलीच गोष्ट सांगितली ती मला कुठल्या वाचनात सापडली नव्हती. दुनाळीच्या दोन नळ्या आणि मधली पट्टी कथील-शिशाच्या डाकाने जोडलेल्या असतात, कॉस्टिकच्या उकळत्या द्रावणात टाकल्या तर ते द्रावण डाकच खातं आणि नळ्या सुटतात. म्हणून दुनाळीला ती गंजवायची-उकळायची जुनी हळू पद्धतच. स्प्रे चालला असता, 120 अंशांना डाक वितळत नाही, पण सँडब्लास्टिंगमध्ये आजोबांच्या वेळचं कोरीव काम गेलं असतं. काका म्हणाले, मग नको. मिस्त्रींनी बरेच दिवस घेऊन जुनाच रंग परत आणला, आता कव्हर कापडी आहे आणि दर महिन्याला मी तेलाचा हात फिरवतो.

स्प्रेची हौस मी लोखंडी पट्ट्यांवर भागवली. गाड्यांचं रंगकाम करणाऱ्या एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये, त्यांच्याच रंग फवारायच्या बूथमध्ये, सहा पट्ट्यांना एकाच डब्यातलं कोटिंग मारून घेतलं. तीन नीट ब्लास्ट केलेल्या, तीन नुसत्या कापडाने पुसलेल्या. प्रत्येकीवर खिळ्याने एक फुली ओरखडली आणि गच्चीवर टांगल्या, आठवड्यातून एकदा मिठाच्या पाण्याचा शिडकावा. कारखान्यात याची पक्की टेस्ट असते, 35 अंशांवर 5 टक्के मिठाचं धुकं, माझं आपलं घरगुती. एक पावसाळा गेल्यावर नुसत्या पुसलेल्या पट्ट्यांवर फुलीच्या दोन्ही बाजूंना बोटभर रंग फुगला होता, नखाने उचलला तर चक्क सोलून निघाला, खाली सगळं तांबूस. ब्लास्ट केलेल्या पट्ट्यांवर गंज फक्त फुलीच्या रेषेत होता. मी नखाने, मग चाकूच्या टोकाने कड उचलायचा प्रयत्न केला, उचलली नाही. त्या तीन अजून गच्चीवरच आहेत, यंदाचा पाऊस पण त्यांना खाऊ देतोय.