एटीएममधून नोटा आल्या नाहीत, पण खात्यातून पैसे गेले : तक्रार कुठे आणि कशी करायची

यंत्र घरघरले, मोबाइलवर ‘५,००० रुपये वजा’ असा संदेशही आला, नोटा मात्र बाहेर आल्याच नाहीत. पेन्शन काढायला गेलेल्या माणसाच्या पोटात अशा वेळी गोळा येतो. पण घाबरून लगेच दुसऱ्यांदा कार्ड घालू नका. दोन मिनिटे थांबा, शिल्लक तपासा. बऱ्याचदा पैसे तिथल्या तिथे परत जमा होतात.

झाले नाहीत तर नियम तुमच्या बाजूने आहे. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे, व्यवहाराचा दिवस सोडून पुढच्या पाच दिवसांत बँकेने ही रक्कम स्वतःहून परत जमा करायची असते. त्यापेक्षा उशीर झाला, तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई. समजा, व्यवहार ३ तारखेचा आहे. ८ तारखेपर्यंत बँकेला मुदत. पैसे २० तारखेला आले, तर १२ दिवसांचे १,२०० रुपये वेगळे मिळायला हवेत. ही भरपाईसुद्धा न मागता मिळायची असते. प्रत्यक्षात ती अनेकांना माहीतच नसते, म्हणून अर्जात तिचा उल्लेख जरूर करा. नागरी सहकारी बँका आणि जिल्हा मध्यवर्ती बँका यांनाही हा नियम लागू आहे.

तक्रार कोणाकडे?

इथेच सगळ्यात जास्त हेलपाटे होतात. ज्या बँकेचे एटीएम, तिच्या शाखेत जाऊ नका. ज्या बँकेने तुम्हाला कार्ड दिले, तिच्याकडेच तक्रार करायची, मग यंत्र कोणत्याही बँकेचे किंवा खासगी कंपनीचे असो. ‘एटीएम आमचे नाही, त्या बँकेत जा’ असे तुमच्या शाखेत कोणी म्हणाले, तर ते उत्तर मान्य करू नका. यंत्राची नोंद आणि रोकडीचा ताळेबंद दुसऱ्या बँकेकडून मागवून घेणे हे तुमच्या बँकेचे काम आहे.

ग्राहक सेवेचा क्रमांक कार्डाच्या मागे छापलेला असतो, तोच लावा. इंटरनेटवर शोधून सापडलेल्या क्रमांकामागे भामटे बसलेले असू शकतात. पिन, ओटीपी, कार्डामागचे तीन आकडे तक्रारीसाठी कधीच लागत नाहीत, आणि मोबाइलवर कोणतेही अ‍ॅप घ्यावे लागत नाही.

काय जवळ ठेवायचे?

एटीएमची पावती मिळाली असेल, तर लगेच तिचा फोटो काढा, कारण शाई काही आठवड्यांत उडून जाते. पावतीवर यंत्राचा आणि व्यवहाराचा क्रमांक असतो. पावती नसेल, तरी अर्ज अडत नाही. खात्याचा क्रमांक, कार्डाचे शेवटचे चार आकडे, तारीख, वेळ, एटीएमचा पत्ता, बँकेचा संदेश आणि ती नोंद असलेले पासबुकाचे पान एवढे पुरते. मागितले पाच हजार आणि आले साडेचार, अशा वेळी नोटा तिथेच, कॅमेऱ्यासमोर मोजा.

फोनवर तक्रार केली, तर क्रमांक लिहून घ्या. शाखेत लेखी अर्ज दिला, तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. पुढचे सगळे या तारखेवर अवलंबून असते.

बँकेने दाद दिली नाही तर

अर्ज फेटाळला, मिळालेले उत्तर पटले नाही किंवा ३० दिवसांत काहीच उत्तर आले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येते. नोव्हेंबर २०२१ पासून यासाठी एकात्मिक योजना आहे. फी नाही, वकील नको. घरातल्या दुसऱ्या कोणाला लेखी अधिकारपत्र दिले, तर तेही तुमच्या वतीने अर्ज करू शकतात. मात्र तेच प्रकरण न्यायालयात चालू असेल, तर लोकपाल ते घेत नाही. अर्ज सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन या संकेतस्थळावर भरायचा, सोबत बँकेला दिलेल्या अर्जाची प्रत जोडायची. काही अडले, तर १४४४८ वर मराठीतून विचारता येते.

पतसंस्थेची गोष्ट वेगळी. ती रिझर्व्ह बँकेच्या नव्हे, सहकार खात्याच्या अखत्यारीत येते, त्यामुळे तिच्याविरुद्धची तक्रार लोकपालाकडे चालत नाही.

आणखी एक तपासा. यंत्रातल्या बिघाडामुळे किंवा रोकड नसल्यामुळे फसलेला व्यवहार महिन्याच्या मोफत व्यवहारांत धरायचा नसतो. पासबुकात त्यापोटी शुल्क लागलेले दिसले, तर तेही त्याच अर्जात परत मागा.