बायोमेडिकल इंजिनिअरिंगचं शिक्षण, पुणे

दवाखान्यात पेशंटला जे जे मशीन लागतं, म्हणजे ईसीजी, मॉनिटर, व्हेंटिलेटर, इन्फ्युजन पंप, एमआरआय, झालंच तर गुडघ्यात बसवायचा कृत्रिम सांधा, ते डिझाईन कसं करायचं, तपासायचं कसं आणि चालू कसं ठेवायचं हे शिकवणारी इंजिनिअरिंगची ब्रँच म्हणजे बायोमेडिकल. चार वर्षांची डिग्री, आठ सेमिस्टर. हे शिकून डॉक्टर होता येत नाही आणि ही बायोटेक्नॉलॉजीही नाही, घरचे पहिले हेच दोन प्रश्न विचारतात म्हणून आधीच सांगितलं.

प्रवेश बाकी इंजिनिअरिंगसारखाच, बारावीला फिजिक्स-मॅथ्स, एमएचटी-सीईटीचा पीसीएम ग्रुप, मग कॅप राऊंड, म्हणजे राज्याची एकत्रित प्रवेशफेरी. नीटसाठी मॅथ्स सोडलेली पोरं इथे अडकतात, उलट बायो सोडलेल्याचं काही अडत नाही कारण अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजी कॉलेजात मुळापासून शिकवतात. मुंबई युनिव्हर्सिटीत ही ब्रँच बीईला बरीच वर्षं आहे, आयआयटी बॉम्बेला एमटेक आहे. पुण्यातली बरीच पोरं मात्र इन्स्ट्रुमेंटेशन नाहीतर ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशन) करतात, फायनल इयरचा प्रोजेक्ट मेडिकलवर घेतात आणि मग इकडे वळतात. माझ्या मते हा रस्ता अजिबात दुय्यम नाही, सिग्नल आणि सर्किटचा पाया पक्का असला की फिजिऑलॉजी नंतरही भरून काढता येते. एमटेकच्या प्रवेशासाठीच्या गेट परीक्षेत २०२० पासून बायोमेडिकलचा वेगळा पेपर आहे.

या शिक्षणात नेमकं काय असतं ते कळायला ईसीजीचं सर्किट एकदा स्वतःच्या हाताने बनवावं. इन्स्ट्रुमेंटेशन अ‍ॅम्प्लिफायरची आयसी, रेझिस्टर, ब्रेडबोर्ड हे सगळं तापकीर गल्लीत मिळून जातं आणि चिकटवायचे इलेक्ट्रोड सर्जिकलच्या दुकानात. हृदयाचा सिग्नल त्वचेवर येईपर्यंत जेमतेम १ मिलिव्होल्ट उरतो आणि भिंतीतल्या वायरिंगमुळे अंगावर येणारा ५० हर्ट्झचा नॉईज त्याच्या कित्येक पट मोठा असतो. हा नॉईज दोन्ही हातांवर जवळपास सारखा येतो म्हणून दोन हातांमधला फरक घेतला की बराचसा कटतो, ते काम या आयसीचं. पण पोरं पहिल्या स्टेजलाच हजारपट गेन (सिग्नल किती पट मोठा करायचा ते) ठेवतात आणि स्क्रीनवर सपाट रेघ येते, कारण इलेक्ट्रोड आणि त्वचा यांच्यामध्येच काही वेळा ३०० मिलिव्होल्टपर्यंत डीसी, म्हणजे स्थिर व्होल्टेज, तयार होतो आणि अ‍ॅम्प्लिफायर तिथेच सॅच्युरेट होतो, म्हणजे कमाल मर्यादेला जाऊन अडकतो. म्हणून आधी थोडा गेन, मग हायपास फिल्टरने डीसी काढायचा, मग उरलेला गेन. तिसरा इलेक्ट्रोड उजव्या पायावर, त्यातून दोन्हीकडचा सामाईक नॉईज उलटा करून परत शरीरात सोडतात. एवढं करूनही रेघ थरथरत असेल तर वायरी एकमेकींत पिळून घ्यायच्या, जेल वाळलेला इलेक्ट्रोड बदलायचा, आणि मग पी, क्यूआरएस, टी अशा लाटा ओळीने दिसायला लागतात. १९२४ चं नोबेल ज्यांना मिळालं ते आइंटहोवेन हाच सिग्नल पेशंटचे हातपाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यात ठेवून घ्यायचे, आणि त्यांच्या तीन लीड (हातपायांच्या जोड्यांमधली तीन मोजमापं) आजही पहिल्या प्रॅक्टिकलला असतात.

हे सर्किट अंगावर लावायचं तर बॅटरीवरच चालवायचं, लॅपटॉपचा चार्जरसुद्धा काढून ठेवायचा, यात कुणीही सूट घेऊ नये. आयईसी ६०६०१ या स्टँडर्डप्रमाणे थेट हृदयाला जोडता येणाऱ्या उपकरणातून पेशंटकडे गळणारा करंट नॉर्मल परिस्थितीत १० मायक्रोअँपिअरच्या आत हवा. घरच्या मिक्सरला ज्याचं कुणी नावही काढणार नाही एवढ्याशा करंटने इथे जीव जाऊ शकतो, कारण कॅथेटर, म्हणजे हृदयापर्यंत घातलेली नळी, आत असताना त्वचेचा अडथळाच उरलेला नसतो.

बाकी विषयांत डीएसपी (डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग), मेडिकल इमेजिंग, बायोमेकॅनिक्स, बायोमटेरिअल्स. कोविडमध्ये घरोघरी आलेला पल्स ऑक्सिमीटर वर्गात उघडून बघण्यासारखा आहे, ६६० नॅनोमीटरचा लाल आणि ९४० च्या आसपासचा इन्फ्रारेड असे दोन एलईडी, आणि ऑक्सिजन असलेलं-नसलेलं हिमोग्लोबिन हे दोन प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं एवढ्यावर तो चालतो. बोटं गार पडली की रीडिंग बिघडतं, आणि गडद त्वचेवर ते खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकतं, आपल्याकडच्या पोरांनी तर हा प्रॉब्लेम हातात घ्यायलाच पाहिजे. बायोमेकॅनिक्ससाठी पुण्याला मोठा वारसा आहे, लष्कराचं आर्टिफिशियल लिम्ब सेंटर १९४४ पासून इथे आहे. पाय तुटलेल्या माणसाची चाल, कृत्रिम पायाच्या सॉकेटचा, म्हणजे खोबणीचा, दाब कुठे पडतो, कातडी कुठे सोलते, ही गणितं पुस्तकात आकृती असतात आणि तिथे माणूस असतो.

दवाखान्यातली बाजू पोरांना उशिरा कळते. मोठ्या हॉस्पिटलात ‘बायोमेडिकलवाले’ म्हणून वेगळं डिपार्टमेंट असतं, ब्रेकडाऊन कॉल आला की पळायचं, डिफिब्रिलेटरचे (हृदयाला शॉक देणाऱ्या मशीनचे) ज्यूल बरोबर सुटतात का ते अ‍ॅनालायझरवर बघायचं, कॅलिब्रेशनचं स्टिकर लावायचं, एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) कुठली संपत आलीय ते सांभाळायचं. सिस्टरशी नीट बोलता आलं पाहिजे, मशीन नेमकं कधी आणि कसं बंद पडतं हे सर्व्हिस मॅन्युअलपेक्षा त्यांना जास्त माहिती असतं. म्हणून इंटर्नशिप फायनल इयरवर न ढकलता सेकंड इयरच्या सुट्टीतच आयसीयूच्या आसपास करावी असं मी प्रत्येकाला सांगतो.

नोकऱ्या हॉस्पिटल, सेल्स-सर्व्हिस, आर अँड डी आणि रेग्युलेटरी (सरकारी मंजुऱ्यांचं काम) अशा चार बाजूंना आहेत, सुरुवातीचा पगार आयटीपेक्षा बऱ्याचदा कमी. स्वतःचं उपकरण काढायचं असेल तर पाषाण रोडला एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) आवारात व्हेंचर सेंटर हे नव्या कंपन्यांना आधार देणारं इनक्युबेटर आहे. मेडिकल डिव्हाइसेस रूल्स २०१७ चे, ते १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले, त्यात जोखमीप्रमाणे ए, बी, सी, डी असे वर्ग आहेत, थर्मामीटर बी मध्ये तर हृदयाची झडप डी मध्ये. ए आणि बी चं उत्पादन लायसन्स राज्याकडून मिळतं, सी आणि डी साठी केंद्राकडे जावं लागतं आणि तिथे प्रत्येक डिझाईन बदल, प्रत्येक टेस्ट तारखेसकट कागदावर दाखवावी लागते, त्यामुळे कॉलेजच्या प्रोजेक्टपासूनच जी पोरं नोंदवही नीट ठेवतात त्यांची पुढची कित्येक महिन्यांची धावपळ वाचते.